शेळीची अकरा वाक्यं

रविवार, १२ ऑक्टोबर

प्रिय धाकटोबा,

अनेक आशीर्वाद. तू बरा असशील, वेळेवर जेवत असशील आणि केस कापून घेतले असतील असं धरून चालते. इकडे आम्ही दोघी ठीक. आईची तब्येत उत्तम, राग त्याहून उत्तम. माझा गुडघा कुरकुरतो, पण दुकानाच्या चार पायऱ्या अजून चढू देतो. झेरॉक्सचं मशीन नवीन घेतलं. जुनं प्रत्येक कागदावर मधोमध काळी रेघ मारत होतं आणि लोकांना वाटायचं, आपला अर्ज नामंजूर झाला.

पत्र बघून दचकू नकोस. कोणी आजारी नाही. दर रविवारी फोन करणारी बहीण आज कागद घेऊन का बसली, तर हा आईचा हुकूम आहे. ती स्वतः फोनवर बोलू शकत नाही, आणि मी बोलले तर गोड बोलून निसटेन असं तिचं माझ्याबद्दल मत आहे. तिनं पाटीवर लिहिलं, "पत्र. पेटीत टाकून ये. तोवर तुझ्या हातचा चहासुद्धा नको." आज तिसरा दिवस. स्वतःचा चहा स्वतः करते, माझ्यासमोर बसून पिते आणि कपसुद्धा मला धुवू देत नाही.

आधी चांगली बातमी सांगते. कॅसेट सापडली.

हो, तीच. पहिल्या वेळची, आईच्या आवाजातली. तीन दिवस झाले तरी मला मधूनच हसू येतं. काल एका गिऱ्हाइकाचं ओळखपत्र मी उलटं लॅमिनेट केलं आणि त्यालाच "वा, छान झालं" म्हणाले. इतकी वर्षं छातीवर काहीतरी ठेवलेलं होतं, ते कोणीतरी उचलून बाजूला ठेवल्यासारखं वाटतंय. जीव भांड्यात पडला म्हणतात ना, तसं.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी मला पहिल्यापासून लिहू दे. तू तेव्हा बारा वर्षांचा होतास आणि तुझं निम्मं लक्ष जेवणात असायचं. आई रेकॉर्डिंगच्या स्टुडिओत टायपिस्ट होती. कार्टून काढणाऱ्या त्या बड्या कंपनीचा जुना सिनेमा, वाट चुकलेल्या बदकाच्या पिल्लाचा, पहिल्यांदाच आपल्या भाषेत कॅसेटवर येणार होता. संवाद आईनं टाइप केले होते. म्हाताऱ्या शेळीचा आवाज देणाऱ्या बाई तापानं पडल्या, आणि मुदत तर जवळ आलेली. दिग्दर्शक म्हणाले, "बाई, टाइप तुम्हीच केलंय, आता म्हणा पण तुम्हीच." आईनं अकरा वाक्यं म्हटली आणि एक शिंक दिली. शिंक टाइप केलेली नव्हती, ती खरीच आली होती. त्यांना ती इतकी आवडली की ठेवून दिली.

कंपनीची रीत तुला आठवते? प्रत्येक सिनेमा चार महिने विकायचा, मग सात वर्षं कपाटात. काकांच्या व्हिडिओ लायब्ररीच्या, म्हणजे आताच्या माझ्या दुकानाच्या, काचेवर भलामोठा कागद होता, "आत्ताच! नाहीतर सात वर्षांनी!" काका म्हणायचे, "कंपनीला माणूस कळलाय. मिळणार नाही म्हटलं की त्याला तेच हवं असतं." त्यांनी लायब्ररीसाठी दोन कॅसेट घेतल्या आणि एक आपल्या घरी आणून दिली. कव्हरच्या मागे मुंगीएवढ्या अक्षरात आईचं नाव होतं, म्हणून बाबांनी ते कव्हर फ्रेम करून भिंतीवर लावलं. कॅसेट मग साध्या पांढऱ्या खोक्यात राहिली. तिच्यावरचं शेळीचं स्टिकर तू सोलून कंपासपेटीवर चिकटवलंस. म्हणजे अगदी धुतल्या तांदळाचा तूही नाहीस, एवढं नोंदवून ठेवते.

(हे पान आईनं वाचलं. समासात पेन्सिलीनं शेरा आहे, "छान. मुद्द्यावर ये.")

येते. पण कॅसेट कशी मिळाली ते तर सांगायला हवं.

दोन वर्षांपूर्वी मी दुकानाच्या काचेवर कागद लावला होता, "अमुक कॅसेट हवी, पहिल्या वेळचीच, कुठल्याही अवस्थेत." तुला बोलले नाही. मिळाली नाही तर तुझा आणखी एकदा हिरमोड नको, असं स्वतःला सांगितलं होतं. गुरुवारी दुपारी बालवाडीच्या बाई आल्या. उंच, जाड चष्म्याच्या, चालताना पुटपुटणाऱ्या. तू त्यांना 'पाढेबाई' म्हणायचास. आता निवृत्त झाल्यात. काउंटरवर पिशवी ठेवली, पण हात पिशवीवरच.

म्हणाल्या, "तू रागावणार असशील तर आधीच सांग. मी तशीच जाते."

पिशवीत काकांच्या लायब्ररीची कॅसेट होती. काकांकडच्या दोनपैकी एकीची फीत मशीननं चावून टाकली होती आणि दुसरी परत आलीच नव्हती, ती ही. अरे, आपली कॅसेट गेल्यावर मी विचारायला त्यांच्या घरी गेले होते! दारात उभं राहून त्या म्हणाल्या होत्या, "कधीच परत केली की."

"तू आलीस तेव्हा बालवाडीच्या टीव्हीखालीच होती," बाई म्हणाल्या. "आमच्या वर्गातली पोरं दुपारी त्या शेळीशिवाय झोपत नसत. म्हटलं, आणखी एक आठवडा. पहिल्या आठवड्यात लाज वाटली. महिन्यानं जास्त वाटली. वर्षानंतर मी तुझ्या दुकानावरून जायचं सोडलं, मागच्या गल्लीनं जायला लागले. वस्तू एवढीशी, पण उशीर केवढा मोठा झाला. द्यायची तर उशिराचं काय सांगायचं?"

मी त्यांच्यावर ओरडायला तोंड उघडलं होतं. माझा स्वभाव तुला माहीत आहे, उचलली जीभ लावली टाळ्याला. पण त्या बोलत होत्या आणि मला वाटत होतं, ही बाई माझंच वाचून दाखवतेय. मी त्यांना स्टूल दिलं, पाणी दिलं, आणि दुपारीच कुलूप लावून त्यांना घरी घेऊन आले.

दुकानातला जुना प्लेअर काखेत मारून आणला होता. जुन्या कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून द्यायला मी तो ठेवलाय. आधी चित्र नुसतं थरथरलं. मग बदकाचं पिल्लू कुंपणापाशी आलं आणि आतून शेळी म्हणाली, "थांब रे बाबा, दारातून आधी माझी शिंगं येतात, मग मी."

धाकटोबा, आईचा आवाज. मी विसरले होते रे. आठवतो असं वाटायचं, पण मी आपली भलताच काहीतरी मनाशी धरून बसले होते. खरा आवाज जरा किनरा होता, आणि वाक्याच्या शेवटी ती हसू दाबायची.

आईनं अकराच्या अकरा वाक्यं ओठांनी बरोबर म्हटली. शिंकेला तर तिचे खांदे असे हलले की मला वाटलं, खरंच शिंकली. पुन्हा लाव अशी खूण केली, पाच वेळा. मग पाटी घेऊन बाईंना विचारलं, "किती मुलं?" बाई म्हणाल्या, "वर्गात तीस. दर वर्षी नवी तीस." आईनं पाटीवर गुणाकार मांडला, उत्तराखाली रेघ मारली आणि लिहिलं, "माझी शेळी नोकरीला होती म्हणायची." बाई रडायला लागल्या. आई त्यांच्यावर जराही चिडली नाही. जाताना त्यांना दारापर्यंत सोडायला गेली.

ते बघून मला धीर आला. वाटलं, आई आज खुशीत आहे, बाईंना माफ केलं, मलाही करेल. म्हणून शुक्रवारी सकाळी मी तिला सांगितलं. अंदाज साफ चुकला.

(दुसरा शेरा. "ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस." पेन्सिल मोडेल इतकी दाबून लिहिलंय.)

तर लिहिते.

आई ऑपरेशनला जाण्याआधीची संध्याकाळ. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, गाठ निघेल, आवाज जाईल. आपण सगळे तोंडं पाडून बसलो होतो आणि तीच आपल्याला हसवत होती. "एवढं काय, माझी शेळी आहे ना कपाटात."

ती हॉस्पिटलात असताना फुटबॉलची फायनल होती. तुझी त्याच दिवशी परीक्षा. मी काकांच्या लायब्ररीत काम करायचे, म्हणून तू मला एक कोरी कॅसेट दिलीस, तिथे रेकॉर्ड करून ठेव म्हणून. पुढचं तुझ्या लेखी असं आहे, की तू कपाटातून घाईत चुकीची कॅसेट उचललीस, तीच मला दिलीस, आणि मी बिचारीनं तुझ्या सांगण्यावरून आईच्या आवाजावर फुटबॉल भरला. आई घरी आली, आपण चौघं टीव्हीसमोर बसलो, आणि शेळीच्या जागी बावीस माणसं पळताना दिसली. तू उभा राहिलास. तुझा चेहरा मला आजही दिसतो. तू म्हणालास, "माझ्याकडून चुकीची दिली गेली वाटतं. मी लेबल लावल्यासारखं आठवतंय, पण…"

बाबा म्हणाले, "एवढंसं काम धड होत नाही तुझ्याच्यानं."

मी मूग गिळून बसले.

तू लेबल लावलं होतंस. निळ्या शाईनं, 'फायनल', खाली दोन रेघा. कॅसेट अगदी बरोबर, कोरी, नवी होती. तू काहीही चुकला नव्हतास.

त्या सकाळी एक लग्नाचा फोटोग्राफर घाईत आला. त्याला प्रत हवी होती, दुकानातल्या कोऱ्या कॅसेट संपल्या होत्या. मी तुझं लेबल सोललं आणि तुझी कॅसेट त्याला वापरून दिली. म्हटलं, घरात पडलेली असेल एखादी. दुपारी जेवायला आले, कपाटात हात घातला आणि तळातली बिनलेबलाची काढली. पांढऱ्या खोक्याकडे बघितलंसुद्धा नाही. दुकानात आल्यावर बघते तर कडेचा प्लास्टिकचा तुकडा मोडलेला, तिथे भोक. म्हणजे हिच्यावर काही रेकॉर्ड करू नका. हे आपल्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. पण आम्ही रोज असल्या दहा भोकांवर चिकटपट्टी लावून जुन्या कॅसेट पुन्हा वापरायचो. हाताला सवय. चिकटपट्टी लावली, बटण दाबलं आणि गिऱ्हाईक बघायला गेले. एकदा लावून बघितली असती तर दहा सेकंदांत कळलं असतं.

तू "चुकीची दिली गेली वाटतं" म्हणालास तेव्हा मला खरं बोलायला एका श्वासाचा वेळ होता. मी घाबरले. आईचा आवाज माझ्या हातानं गेला, हे त्या खोलीत, त्या दिवशी म्हणायची माझी छाती झाली नाही. उद्या सांगू म्हटलं. मग पाढेबाईंचं झालं तेच माझं झालं.

मग आशाही होती. सात वर्षं संपतच आली होती, वसंतात सिनेमा परत निघणार होता. निघाला की सगळं भरून येईल, आणि मग हसत हसत सांगून टाकू. पहिल्याच दिवशी तू रांगेत उभा राहून कॅसेट आणलीस. आणि शेळी बोलली ती भलत्याच बाईच्या आवाजात. कंपनीनं सगळे आवाज नवे घेतले होते. तू प्लेअर बंद केलास. महिन्याभरात तू दूरची नोकरी धरलीस. लोकांना वाटलं, पगारासाठी गेला. मला माहीत होतं.

बाबा गेले तेही तुझीच चूक धरून. ते आता मला दुरुस्त करता येणार नाही. बाकी सगळ्यावर मी हसू शकते, यावर नाही.

शुक्रवारी आईला हे सांगितलं तेव्हा तिनं पाटी माझ्या अंगावर फेकली. लागली नाही, पण नेम चांगला होता. मग उचलून आणली आणि लिहिलं, "कॅसेटचं सोड. कॅसेट म्हणजे प्लास्टिक. पोराला सोळा वर्षं?" मी माफी मागायला लागले तर खोडलं आणि लिहिलं, "माझी नको. त्याची." तेव्हापासून चहा बंद.

तर मागते. मला माफ कर, असं लिहिणं सोपं आहे, म्हणून तेवढंच लिहीत नाही. तू येशील तेव्हा काय बोलायचं ते बोल, मी मधे तोंड घालणार नाही. नाही आलास तरी समजेन. खाई त्याला खवखवे म्हणतात. सोळा वर्षं खवखवलं, पण ते मी खाल्लेलं होतं, मग खवखव तुला का?

आणि तरीसुद्धा खरं सांगते, आज मला मोकळं वाटतंय. लाज वाटतेय आणि मोकळंही वाटतंय, दोन्ही एकदम. आई हे शेवटचं पान वाचतेय. या वेळी तिनं शेरा मारला नाही, नुसतं पाकीट पुढे सरकवलं.

तुला सोळा वर्षं खोटं पाडणारी, आज खरं लिहिणारी,

तुझी ताई


सोमवार, २० ऑक्टोबर

प्रिय आई,

नमस्कार. वर 'प्रिय आई' लिहिलं आणि नुसता बघत बसलो. घर सोडल्यापासून फोनवर नेहमी ताईशीच बोलणं आणि शेवटी 'आईला नमस्कार सांग'. तुला म्हणून लिहिलेलं हे पहिलंच.

ताईचं पत्र शनिवारी जेवणाच्या सुट्टीत मिळालं. हॉस्पिटलच्या औषधांच्या खोलीतच उभ्याउभ्या वाचलं. आई, मी इथे प्रत्येक बाटलीचं लेबल तीनदा वाचतो. एकदा काढताना, एकदा देताना, एकदा दिल्यावर. बाकीचे थट्टा करतात. आमचे साहेब नव्या मुलांना सांगतात, याच्याकडून शिका. त्यांना तो गुण वाटतो. ती भीती आहे हे फक्त मला माहीत होतं.

निळी शाई, खाली दोन रेघा. मला त्या आठवत होत्या. रेघ मारताना पट्टी सरकली होती, दुसरी रेघ जरा वाकडी आली होती, तेसुद्धा आठवत होतं. पण तुम्हा तिघांपुढे मी एकटा, म्हणून मग मीच स्वतःला सांगितलं की आपण हे मागाहून रचलेलं आहे. सोळा वर्षं मी माझ्याच आठवणीवर विश्वास ठेवला नाही. पत्र वाचून मी मोठ्यानं हसलो आणि शेजारच्या नर्सनं विचारलं, रडताय का. दोन्हीतलं काय चाललं होतं, मलाच कळलं नाही.

बाबांचं वाईट वाटतं. पण ते तसे त्या दिवसानंतर पुन्हा कधी त्याबद्दल बोलले नाहीत. मला सोडायला आले तेव्हा माझी बॅग त्यांनीच उचलली होती, मला हात लावू दिला नव्हता. ताईला हे वाचून दाखव. तिला माहीत नसेल.

तिला हेही सांग की मी रागावलोय. कालपेक्षा आज जास्त. फोनवर नाही, पत्रात नाही, समोर बसून भांडणार आहे, आणि ती मधे तोंड घालणारच, तेव्हा तिनं उगाच वचनं देऊ नयेत. पण तिनं पत्र टाकलंय. तू आता तिच्या हातचा चहा घे. तिचे तीन दिवस कसे गेले असतील, मी समजू शकतो.

आता माझं एक ऐक. हे कोणालाच माहीत नाही.

मी घरी येतो तेव्हा तुझ्या शेजारी बसतो, समोर कधी बसत नाही. समोर बसलं की पाटी दिसते. तू लिहायला घेतलंस की मी पाणी आणायला उठायचो, खिडकी लावायला जायचो, ताईला हाक मारायचो. तुझा आवाज मी घेतला आणि त्याच्या बदल्यात ही पाटी तुझ्या हातात दिली, असं वाटायचं. परत येऊन बसेपर्यंत तू वाट बघून पुसून टाकलेलं असायचं. सोळा वर्षांत तू मला जे जे लिहिलंस, त्यातलं अर्ध्याहून जास्त मी वाचलेलंच नाही.

शनिवारी येतोय. दहा दिवसांची रजा घेतली आहे. सिनेमा आपण बघू, पण मला त्याची घाई नाही. मी तुझ्यासमोर खुर्ची ओढून बसणार आहे. तू सावकाश लिही. आणि मी वाचेपर्यंत पुसू नकोस.

तुझा,
धाकटा